पितळेचं पातेलं आणि काळजाचा तुकडा

 

आजचा विषय इतिहासाचा आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. एक आजार आहे, काही डॉक्टर आहेत, आणि स्वयंपाकघरातलं एक पातेलं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या बालरोग विभागाची ही गोष्ट. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार या विभागाने वर्षानुवर्षं अभ्यासला. मुलांच्या यकृतात काय साचतंय, ते कुठून येतंय, आणि ते थांबवता येईल का, या तीन प्रश्नांचा माग काढता काढता हे लोक आपल्या आया-आज्यांच्या चुलीपर्यंत पोचले. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, बेसमेंटमधल्या खोक्यात किंवा दिवाणखान्यातल्या फडताळावर, गावाकडून आणलेलं पितळेचं किंवा तांब्याचं एखादं भांडं असतंच. म्हणून ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी लांबची नाही.

आधी यकृताबद्दल दोन शब्द. आपण घरात लिव्हर म्हणतो, डॉक्टर मराठीत यकृत म्हणतात. पण आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, काळीज. आज काळीज म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं, पण मुळात काळीज म्हणजे यकृत. खाटकाच्या दुकानात कलेजी मागतात, तिथे तो जुना अर्थ अजून टिकून आहे. लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. या गोष्टीत लेकरंही आहेत आणि काळीजही आहे.

यकृताची कामं अनेक. अन्नातून आलेली साखर साठवायची, चरबीची देवघेव करायची, पित्त तयार करायचं, नको असलेले पदार्थ बाहेर टाकायचे. या सगळ्या घडामोडींना मिळून आपण चयापचय म्हणतो. त्यातलंच एक काम म्हणजे तांब्याचा हिशेब ठेवणं. तांबं हा धातू शरीराला अगदी थोडा, पण हवाच असतो. जास्त झालेलं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. नवजात बाळाची गोष्ट मात्र वेगळी असते. आईच्या पोटातून येतानाच त्याच्या यकृतात तांब्याचा बराच साठा असतो, आणि जादा तांबं बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. पहिल्या काही महिन्यांत ती हळूहळू पक्की होते आणि साठा उतरतो. आईच्या दुधात तांबं फार कमी असतं, त्यामुळे निसर्गाचा हा हिशेब नीट बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आजाराकडे वळू. वैद्यकाच्या नोंदींत तो पहिल्यांदा आला १८८७ साली, कलकत्त्याहून. पुढे त्याला नावच पडलं, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. म्हणजे भारतातल्या बालकांना होणारा यकृताचा सिऱ्होसिस. सिऱ्होसिस म्हणजे यकृताच्या जिवंत पेशी मरून त्यांच्या जागी कडक, गाठीगाठींचा तंतुमय भाग तयार होणं. हा शब्द आपण ऐकतो तो बहुधा दारू पिणाऱ्या मोठ्या माणसांच्या संदर्भात. इथे तो दीड-दोन वर्षांच्या लेकरांना होत होता.

सुरुवात साधी असायची. मूल किरकिर करायचं, भूक मंदावायची, बारीक ताप यायचा, पोट वाढायचं. पोट तपासलं की फासळ्यांच्या खाली यकृत दगडासारखं घट्ट लागायचं आणि त्याची कडा धारदार जाणवायची. काही महिन्यांत कावीळ व्हायची, पोटात पाणी भरायचं. कावीळ दिसू लागली की हातात फारसं काही उरत नसे. बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. आणि एकाच घरात एकामागून एक भावंडं जाण्याचे प्रसंगही होते.

कारण काय असावं? अनेक तर्क झाले. कुपोषण असेल, एखादा विषाणू असेल, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष असेल, आनुवंशिक दोष असेल. १९५० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या उपसमितीनेही या आजाराचा अभ्यास केला. पण प्रत्येक तर्कात काहीतरी अडखळत होतं. निव्वळ कुपोषण म्हणावं तर हा आजार सगळ्यांत गरीब घरांतच होता असं नव्हे. गोठ्यात दुभतं जनावर असलेल्या, खाऊन-पिऊन सुखी अशा घरांतलीही मुलं जात होती. आनुवंशिक म्हणावं, तर परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांच्या मुलांत तो का दिसत नाही? आणि जेव्हा डॉक्टरांनाच कारण सापडत नाही, तेव्हा घरात बोट कुणाकडे वळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक वेळा आईकडेच. तिने काय खाल्लं, तिचं दूध कसं, तिचा पायगुण कसा.

पहिला धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात यकृताच्या अभ्यासाचं मोठं केंद्र होतं. तिथल्या पोर्टमन, स्टुअर्ट टॅनर, ॲलेक्स मोवाट आणि रॉजर विल्यम्स या मंडळींनी भारतातल्या आजारी मुलांच्या यकृताचे नमुने ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले. पेशींमध्ये दाट तपकिरी कण दिसले. तांबं प्रथिनाला चिकटून साचलं की असे कण दिसतात. हा लेख १९७८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसरा लेख आला आणि त्यात प्रत्यक्ष मोजमाप होतं. त्या लेखाच्या लेखकांत एक नाव पुण्याचं होतं, के.ई.एम. रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित.

मोजमाप काय सांगत होतं? मोठ्या निरोगी माणसाच्या यकृतात, वाळवलेल्या एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते हजाराच्या घरात होतं. त्याच १९७९ साली हान्स पॉपर या अमेरिकेतल्या नामवंत यकृततज्ज्ञांनी, भारतीय विकृतिशास्त्रज्ञ नायक यांच्यासह केलेल्या अभ्यासातूनही पेशींतल्या तांब्याकडेच बोट दाखवलं. दोन स्वतंत्र गट एकाच ठिकाणी पोचले, त्यामुळे आता तांब्याकडे दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं.

पण इथे एक पेच उभा राहिला. तांबं साचलं म्हणून यकृत बिघडलं, की यकृत आधीच बिघडलेलं असल्याने त्याला तांबं बाहेर टाकता आलं नाही? पित्त अडलं की तांबं साचतंच. कोंबडी आधी की अंडं आधी, तसलाच हा सवाल. तो प्रयोगशाळेत बसून सुटणारा नव्हता. त्यासाठी मुलांच्या घरात काय शिजतं, कशात शिजतं, हे पाहायला हवं होतं. आणि ते पुण्यातच शक्य होतं.

के.ई.एम.च्या बालरोग विभागात डॉ. पंडितांसोबत डॉ. शीला भावे होत्या. टॅनर ब्रिटनहून येऊन-जाऊन या कामात होते. या मंडळींनी आयांना विचारायला सुरुवात केली. बाळाला अंगावरचं दूध किती दिवस पाजलं? वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? ते तापवलं कशात? तापवून ठेवलं कशात? आणि घरातल्या भांड्यांतल्या दुधात तांबं किती उतरतं, तेही मोजलं.

१९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये टॅनर, कांतार्जियन, भावे आणि पंडित यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश असा : आजारी पडलेल्या मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते दूध पितळेच्या भांड्यांत तापवलं किंवा साठवलं जात होतं. १९८७ साली भावे, पंडित आणि टॅनर यांनी आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुलं यांच्या आहाराचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून तपासला. तीच गोष्ट पुन्हा दिसली.

इथे आपण जरा थांबू, कारण ज्यांनी पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक पाहिला आहे त्यांच्या मनात लगेच प्रश्न येईल. पितळेत अन्न कळकतं, हे तर आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा, भांडी तापवून, नवसागर टाकून, कथलाचा चकचकीत थर द्यायचा. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक, चिंच, आमसूल कुणी ठेवत नसे. मग हे कसं झालं?

उत्तर दुधाच्या गुणात आहे. आंबट पदार्थ पितळ खातो, हे आपल्याला दिसतं आणि चवीला कळतं, म्हणून आंबटाचा धाक होता. दूध आंबट नाही, त्यामुळे त्याचा तसा धाक नव्हता. पण दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं आणि ते तांब्याला धरून ठेवतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. साधं पाणी पितळेत ठेवलं तर तांबं त्या मानाने फार कमी उतरतं. दूध तापवून तसंच ठेवलं की केसीन भांड्यातलं तांबं उचलत राहतं. ओ'नील आणि टॅनर यांनी १९८९ साली हेच प्रयोगाने दाखवलं.

आता आधी सांगितलेला तो हिशेब आठवा. बाळ जन्मतःच तांब्याचा साठा घेऊन आलेलं, बाहेर टाकायची यंत्रणा कच्ची, आणि त्याच महिन्यांत दिवसातून पाच-सहा वेळा पितळेतलं दूध. मोठ्या माणसाने तेच दूध चहात घातलं तर त्याच्या यकृताला ते निभावून नेता येतं. तान्ह्या बाळाचं सगळं अन्नच ते, त्यामुळे त्याचा हिशेब कोलमडतो.

आणि या शोधातली सगळ्यांत टोचणारी गोष्ट अशी की हे सगळं मायेपोटी होत होतं. आईला दूध पुरत नाही असं वाटलं म्हणून वरचं दूध. दूध निर्जंतुक व्हावं म्हणून नीट तापवलेलं. घरातलं चांगलं, जड, घासून लखलखीत ठेवलेलं भांडं वापरलेलं. काळजीत कुठेच कसूर नव्हती.

निदान झालं, पण समोर आजारी असलेल्या मुलांचं काय? त्यासाठी औषध जवळच होतं. विल्सन नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यातही यकृतात तांबं साचतं. त्या रुग्णांसाठी केंब्रिजचे जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणलं होतं. ते तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढतं. टॅनर, भावे, प्रधान आणि पंडित यांनी ते या मुलांना देऊन पाहिलं आणि १९८७ साली निष्कर्ष मांडले. कावीळ झाल्यावर आलेल्या मुलांना औषधाचा उपयोग फारसा होत नव्हता. पण कावीळ होण्याआधी हाती लागलेली काही मुलं वाचू लागली. ज्या आजारात जवळजवळ सगळीच मुलं जात होती, तिथे ही मोठी बातमी होती.

मग १९९६ साली याच विभागातले डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं ते सगळ्यांत आनंदाचं पान. पेनिसिलामाइनवर वाचलेल्या, आजार सुरू होऊन किमान पाच वर्षं झालेल्या २९ मुलांची ती तपासणी होती. सगळी मुलं ठणठणीत होती. यकृताचं काम पूर्ववत झालेलं, तांबं उतरलेलं. काहींच्या यकृताचा तुकडा पुन्हा तपासला तेव्हा तो जवळजवळ निरोगी दिसत होता. सिऱ्होसिस झालेलं यकृत पुन्हा सुधारू शकतं, ही त्या काळात सहज पटणारी गोष्ट नव्हती.

त्यात आणखी एक महत्त्वाचा धागा होता. विल्सनच्या रुग्णाला उपचार जन्मभर घ्यावे लागतात, कारण दोष त्याच्या शरीरातच असतो. या मुलांचं औषध बंद केल्यावरही आजार उलटला नाही. म्हणजे तांबं बाहेरून येत होतं, आणि ते येणं थांबलेलं होतं. कोंबडी आधी की अंडं, या जुन्या पेचावर हे बरंच बोलकं उत्तर होतं.

तिसरा प्रश्न, आजार थांबवता येईल का? १९९२ साली भावे, पंडित आणि टॅनर यांनी चंदीगडचे बालरोगतज्ज्ञ वालिया आणि सिंग यांच्यासह या आजाराच्या प्रतिबंधावरच लेख लिहिला. उपाय अगदी साधा होता. बाळाला अंगावरचं दूध जास्त दिवस पाजा, आणि वरचं दूध द्यायचंच तर ते पितळेत तापवू नका, ठेवू नका. स्टील किंवा ॲल्युमिनियम वापरा. याला ना लस लागत होती ना यंत्रसामग्री. घरी जाऊन पातेलं बदलायचं, एवढंच.

आणि आजार ओसरला. १९९० च्या दशकात तो इतका विरळ झाला, की आज शिकून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच बालरोगतज्ज्ञांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. याच काळात स्टेनलेस स्टीलने भारतातली स्वयंपाकघरं व्यापली. कल्हईवाले दिसेनासे झाले. लोकांनी पितळ सोडलं ते डॉक्टरांचं ऐकून की बोहारणीकडून स्टील घेऊन, हे वेगळं करून सांगणं अवघड आहे. शिवाय काही संशोधकांनी या सिद्धान्तावर शंका घेतल्या. पितळेचा संबंध न आलेली काही मुलंही आजारी पडल्याचं त्यांनी नोंदवलं. आणि पितळेतलं दूध प्यायलेली कितीतरी मुलं ठणठणीत वाढली, हे तर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहूनच कळतं.

या शेवटच्या कोड्याला उजेड मिळाला तो युरोपातून. ऑस्ट्रियाच्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अगदी अशाच आजाराने गेली होती. तिथेही गाईचं दूध, तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. १९९६ साली थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी त्या कुटुंबांच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा आनुवंशिक प्रवृत्तीचीही खूण दिसली. म्हणजे काही बालकांना जन्मतः तांबं पेलण्याची ताकद कमी, आणि त्यातच दुधातून तांब्याचा मारा. दोन्ही एकत्र आलं की आजार. टॅनर यांनीही पुढे भारतातल्या आजारात अशा प्रवृत्तीची शक्यता धरली. तो नेमका दोष कोणत्या जनुकात, हे कोडं उलगडण्याआधीच आजार जवळजवळ संपला. वैद्यकाच्या इतिहासात असंही होतं. सगळं कळायच्या आधी मुलं वाचतात, आणि ते चांगलंच आहे.

श्रोतेहो, इथे गोष्ट थांबली असती तरी पुरेशी होती. पण याच मंडळींचं पुढचं काम आपल्याला जास्त जवळचं आहे.

के.ई.एम. रुग्णालयातच डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचा अभ्यास करत होते. तिथे जन्मलेल्या मुलांची वजनं नोंदलेली होती. ती मुलं चार वर्षांची, मग आठ वर्षांची झाल्यावर त्यांची साखर आणि इन्शुलिन तपासलं. आठ वर्षांच्या ४७७ मुलांवरचा तो लेख १९९९ साली आला. त्याचे पहिले लेखक बावडेकर, आणि सोबत याज्ञिक, पंडित, भावे. तांब्याचा माग काढणारी नावं आता साखरेचा माग काढत होती. निष्कर्ष असा की जन्मतः लहान असलेली, पण आठव्या वर्षापर्यंत वजनाने वाढलेली मुलं इन्शुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होती. मधुमेहाची पायवाट इतक्या लवकर सुरू होत होती.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या गर्भवतींच्या अभ्यासातून याज्ञिकांनी २००३ साली आणखी एक गोष्ट मांडली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याच्या बाळांनी स्नायू गमावले होते, चरबी मात्र राखली होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. दुसऱ्या वर्षी याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

यात यकृत कुठे आलं? उत्तर आपल्या मिनेसोटातच आहे. ईडन प्रेरीहून गाडीने दीडेक तासावर रोचेस्टर. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग या विकृतिशास्त्रज्ञांना २० रुग्णांची यकृतं दारुड्यांसारखी दिसली, पण हे लोक दारू पिणारे नव्हते. बरेचसे वजनाने जास्त होते. १९८० साली लुडविग यांनी या तोवर निनावी असलेल्या आजाराला नाव दिलं. आज आपण ज्याला फॅटी लिव्हर म्हणतो, त्यातलाच हा पुढचा, दाह झालेला टप्पा. २०२३ साली या आजाराचं नाव बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख आणला गेला, कारण मुळाशी तेच आहे. आणि आपल्या लोकांत तो अंगाने फार जाड नसलेल्यांनाही गाठतो. त्यामागचं एक कारण पुण्याच्या त्या किडकिडीत बाळांत दिसतं.

डॉ. भावे आणि डॉ. पंडित यांनी पुढे शाळकरी मुलांसाठी पाच वर्षं चाललेला व्यायाम-आहाराचा प्रयोगही केला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. मुलं जास्त तंदुरुस्त झाली, बैठेपणा घटला, पण स्थूलतेचं प्रमाण काही खाली आलं नाही. पातेलं बदलण्याइतकं हे सोपं नव्हतं. पितळ एका दिवसात माळ्यावर टाकता येतं. बसून राहण्याची सवय आणि ताटातली साखर तशी टाकता येत नाही.

मग या इतिहासातून आपण काय घ्यायचं? पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची. सध्या तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात. पूजेला, शोभेला, पाहुण्यांना वाढायला खुशाल वापरा. पण घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं दूध, मग ते पावडरचं असो की गाईचं, उघड्या तांब्यात किंवा पितळेत तापवू नका आणि ठेवू नका. लिंबू-सरबत, ताक, सोलकढीही त्यात नको. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागू नयेत असं अमेरिकेच्या अन्न नियमावलीतही सांगितलेलं आहे. आणि बाळाला गाईचं दूध कधी सुरू करायचं, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या रीतीची. भारतातून आजी-आजोबा नातवंडासाठी इथे येतात आणि सोबत आपलं भांडं, आपली पद्धत आणतात. तेव्हा सून म्हणते ते जुनाट आहे, आजी म्हणते आम्ही नाही का मुलं वाढवली. पुण्याच्या डॉक्टरांनी काय केलं ते आठवा. त्यांनी आधी विचारलं, दूध कशात तापवता? उत्तर नीट ऐकून घेतलं, मोजून पाहिलं, आणि मग सांगितलं, आई, एवढं पातेलं तेवढं बदला. असं विचारल्याने आयांनी खरं सांगितलं, आणि त्या खऱ्या उत्तरांतूनच मुलं वाचली.

आणि तिसरी गोष्ट. घरात लहानपणी पोट फुगून, कावीळ होऊन गेलेल्या एखाद्या आत्याची, काकाची आठवण अजून कुजबुजत सांगितली जात असेल, तर त्या पिढीतल्या आईवर कुठलाही दोष ठेवू नका. ते मूल कशाने गेलं, हे आज आपण ठरवू शकत नाही. पण तिने आपल्या काळजाच्या तुकड्यासाठी घरातलं सगळ्यांत चांगलं भांडं काढलं होतं, हे मात्र नक्की धरून चाला. आणि यकृताच्या आजाराचा घरात इतिहास असेल, तर तो आपल्या डॉक्टरांना जरूर सांगा.

या रविवारी गावी फोन लावाल तेव्हा आजीला किंवा मावशीला एवढंच विचारा, तुमच्याकडे दूध कशात तापवायचे? कल्हई कोण करायचं? स्टीलचं पहिलं भांडं घरात कधी आलं? जे उत्तर मिळेल ते लिहून ठेवा. घरोघरच्या अशा उत्तरांतूनच हा इतिहास उभा राहिला आहे.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या, आपली आणि आपल्या काळजाचीही. नमस्कार.